म्हाताऱ्या कुत्र्याला धाप लागते तेव्हा

उन्हाळा सुरू झाला की या सदराकडे दम लागणाऱ्या वयस्कर कुत्र्यांविषयीची पत्रे वाढतात. कुत्रा धापा टाकतो, जिना चढत नाही, रात्री उठून बसतो, असे वर्णन बहुतेक पत्रांत असते आणि त्याच्या जोडीला 'आता वय झाले, असे चालायचेच' हे वाक्यही असते. वय वाढले की कुत्र्याची चाल मंदावते, झोप वाढते, ऐकू कमी येते, हे खरे आहे. मात्र विश्रांतीत असताना श्वास जोरात चालणे हे वयाचे लक्षण नाही. त्यामागे काही तरी कारण असते, ते शोधता येते आणि पुष्कळदा त्यावर उपचारही करता येतात. या वेळी निवडलेल्या चारपैकी पहिल्या तीन पत्रांतील तक्रार वरवर एकच असली तरी प्रत्येक ठिकाणी आजार वेगळा असण्याची शक्यता आहे, म्हणून ती एकत्र घेतली आहेत; चौथे पत्र घरी ऑक्सिजन देण्याविषयी आहे.

प्रश्न : आमचा पॉमेरेनियन गुंड्या ११ वर्षांचा आहे. गेल्या दोन महिन्यांपासून त्याला खोकला येतो आणि खोकल्याच्या शेवटी घशातून पांढरा फेस पडतो. आता तो रात्री आडवा होत नाही, पहाटेपर्यंत बसून राहतो. येथील डॉक्टरांनी खोकल्याचे औषध आणि इंजेक्शने दिली. दोन दिवस बरे वाटले, पण त्रास पुन्हा सुरू झाला. हा दमा आहे की हृदयाचा आजार? या वयात त्याला तपासण्या आणि औषधांचा त्रास द्यावा का? – एक वाचिका, सांगली

उत्तर : पत्रावरून निदान करता येत नाही आणि तसे करणे योग्यही नाही. तरीही लहान चणीचा, दहा वर्षांवरील कुत्रा, खोकला आणि रात्री आडवे न होणे या गोष्टी एकत्र आल्या की सर्वप्रथम हृदयाच्या झडपेचा विचार करावा लागतो. माणसाला होतो तसा दमा कुत्र्यांमध्ये फारसा आढळत नाही, त्यामुळे तो विचार तूर्त बाजूला ठेवू.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी, शक्य असल्यास आज रात्रीच, आपण एक गोष्ट करावी. गुंड्या झोपलेला असताना त्याच्या छातीकडे पाहून श्वास मोजावेत. छाती एकदा वर येऊन खाली गेली म्हणजे एक श्वास. ३० सेकंद मोजून आकडा दुप्पट करावा. तो स्वप्नात पाय हलवत असेल, नुकताच फिरून आला असेल किंवा खोली फार तापलेली असेल, तर ती मोजणी धरू नये. निरोगी कुत्र्याचा झोपेतला श्वास मिनिटाला बहुधा २५ च्या आत असतो आणि ३० च्या वर क्वचितच जातो. आकडा पुन्हा पुन्हा ३० च्या वर येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. तो ४० च्या पुढे असेल, कुत्रा तोंड उघडून श्वास घेत असेल, मान पुढे ताणून आणि पुढच्या पायांची कोपरे बाहेर काढून बसला असेल, प्रत्येक श्वासाला पोट आत खेचले जात असेल किंवा हिरड्या आणि जीभ निळसर-करड्या दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. हे आकडे तारीख घालून एका वहीत लिहावेत. खोकला किती आला, यापेक्षा झोपेतला श्वास किती होता, ही नोंद डॉक्टरांना अधिक उपयोगी पडते, कारण फुप्फुसात पाणी साचू लागल्यावर सर्वांत आधी हाच आकडा वाढतो.

आता हा आजार कसा होतो ते पाहू. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एक झडप असते. पॉमेरेनियन, डॅशहुंड, ल्हासा यांसारख्या लहान जातींत उतारवयात ही झडप जाड होते, तिच्यावर गाठी येतात आणि तिला धरून ठेवणारे बारीक तंतू सैल पडतात. झडप नीट मिटत नाही, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त वरच्या कप्प्यात परत ढकलले जाते. स्टेथोस्कोपने ऐकू येणारा 'मर्मर' हा या गळतीचाच आवाज. वर्षानुवर्षे गळती चालू राहिली की वरचा कप्पा फुगतो, त्यातला दाब मागे फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतो आणि शेवटी पाणी झिरपून हवेच्या पिशव्यांत उतरते. ही अवस्था म्हणजे हृदयाची निकामी होत जाणारी स्थिती. झडपेचा एखादा तंतू अचानक तुटला तर सकाळी ठीक असलेला कुत्रा संध्याकाळपर्यंत अत्यवस्थ होऊ शकतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वयस्कर पॉमेरेनियनमध्ये मर्मर आणि खोकला एकत्र आढळणे अगदी सामान्य आहे, पण त्यावरून खोकला हृदयामुळेच येतो असे ठरत नाही. या जातीत श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मऊ पडून नळी चपटी होण्याचा आजारही फार आढळतो. तेव्हा उत्साहात आल्यावर, पाणी पिताना किंवा पट्टा ओढल्यावर हंस ओरडल्यासारखा कोरडा, कर्कश खोकला येतो. श्वासनलिकांच्या जुनाट दाहानेही महिनोन्महिने खोकला राहतो. फुगलेला हृदयाचा कप्पा मुख्य श्वासनलिकेवर दाब देऊनही खोकला आणतो आणि त्या वेळी फुप्फुसात पाण्याचा थेंबही नसू शकतो. म्हणून केवळ खोकल्यावरून लघवी वाढवणारी औषधे सुरू करणे जसे चुकीचे, तसेच पाणी साचलेल्या कुत्र्याला खोकल्याचे औषध देत राहणेही चुकीचे. गुंड्याला दिलेल्या इंजेक्शनांत स्टेरॉइड होते का, हे आपण संबंधित डॉक्टरांना जरूर विचारावे. श्वासनलिकेच्या दाहावर त्याने खरोखर आराम पडतो, मात्र हृदय कमकुवत असेल तर त्याने शरीरात पाणी साचण्याचा धोका वाढतो. औषधाचे नाव कळले तर पुढच्या डॉक्टरांना बराच अंदाज येईल.

तपासणीच्या वेळी डॉक्टर बहुतेक माहिती कान आणि हात यांवरूनच गोळा करतात. मर्मर किती मोठा आहे, हे सहाच्या मापात सांगितले जाते. हृदयाचे ठोके किती आणि कसे पडतात, याकडेही लक्ष द्यावे लागते. श्वास आत घेताना ठोके वेगाने आणि सोडताना सावकाश पडणे हे कुत्र्याच्या स्वस्थ हृदयाचे लक्षण आहे. हा चढउतार टिकून असेल, तर त्रास हृदयापेक्षा श्वासनलिकेचा असण्याची शक्यता वाढते. ठोके सलग वेगाने पडत असतील, तर हृदयावर संशय बळावतो. त्यानंतर छातीचा एक्स-रे काढतात. त्यात हृदयाची लांबी आणि रुंदी पाठीच्या मणक्यांच्या मापात मोजून त्यांची बेरीज करतात आणि ही बेरीज १०.५ मणक्यांच्या पुढे गेली तर हृदय मोठे झाले आहे असे साधारणपणे मानतात. फुप्फुसात पाणी आहे का, श्वासनलिका चपटी दिसते का, छातीत एखादी गाठ आहे का, या प्रश्नांची उत्तरेही बऱ्याच अंशी त्याच चित्रातून मिळतात. झडपेची प्रत्यक्ष स्थिती पाहायची तर टू-डी इको लागतो. त्यात डावा वरचा कप्पा महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, १.६ पट किंवा त्याहून मोठा दिसला तर तो फुगला आहे असे धरतात. याखेरीज मूत्रपिंडाची कार्यक्षमता, पोटॅशियम आणि रक्ताची संपूर्ण तपासणी उपचारापूर्वी करून घ्यावी, कारण पुढची औषधे मूत्रपिंडांवर ताण आणतात.

मात्र गुंड्याला धाप लागलेली असतानाच आपण त्याला घेऊन गेलात, तर तपासण्यांचा हा क्रम उलटा होतो आणि तसा तो झालाच पाहिजे. आधी ऑक्सिजन, गरज वाटल्यास घबराट कमी करणारे सौम्य गुंगीचे औषध आणि हृदयाचा संशय बळकट असेल तर लघवी वाढवणारे इंजेक्शन द्यायचे, आणि श्वास स्थिरावल्यावरच एक्स-रे काढायचा. धाप लागलेल्या कुत्र्याला एक्स-रेसाठी कुशीवर दाबून धरणे किंवा पाठीवर उताणे करणे जीवघेणे ठरू शकते. 'आधी एक्स-रे काढा' असा आग्रह घरच्यांनी धरू नये, आणि कोणी घाई करून त्याला आडवा पाडत असेल तर नम्रपणे थांबवण्याचा हक्क आपल्याला आहे.

निदान हृदयाचेच निघाले, तर उपचार बहुधा गोळ्यांचा असतो. फुरोसेमाइड फुप्फुसातले पाणी लघवीवाटे काढते. पिमोबेंडन हृदयाच्या आकुंचनाची ताकद वाढवते आणि रक्तवाहिन्या सैल करते. त्यांच्या जोडीला बेनॅझेप्रिल किंवा एनालाप्रिल आणि बरेचदा स्पायरोनोलॅक्टोन देतात. पिमोबेंडन उपाशीपोटी, खाण्याच्या साधारण तासभर आधी दिले तर ते अधिक चांगले शोषले जाते. फुरोसेमाइड घरातल्या आजोबांच्या औषधांतही असते, पण म्हणून त्यातली अर्धी गोळी काढून देऊ नये. मात्रा कुत्र्याचे वजन आणि त्याची मूत्रपिंडे पाहून ठरते आणि निदान चुकीचे असेल तर त्या गोळीने नुसतीच शरीरातली आर्द्रता कमी होते. औषध सुरू झाल्यावर गुंड्या खूप पाणी पिईल आणि वारंवार लघवी करील. त्याचे पाणी कधीही तोडू नये. घर ओले होते म्हणून पाण्याचे भांडे उचलून ठेवले की मूत्रपिंडे धोक्यात येतात. त्यापेक्षा त्याला रात्री एकदा जास्त बाहेर न्यावे. साधारण एक-दोन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासून मात्रा ठरवावी लागते. त्याला सांधेदुखीसाठी मेलोक्सिकॅमसारखी वेदनाशामके चालू असतील, तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगावीत, कारण ही औषधे एकत्र आली की मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

मर्मर आहे आणि हृदय मोठे झाले आहे, पण फुप्फुसात अजून पाणी नाही, अशी आधीची अवस्था निघाली तर ती चांगली बातमी समजावी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३६० कुत्र्यांवरील 'एपिक' या आंतरराष्ट्रीय चाचणीत याच अवस्थेत पिमोबेंडन सुरू केलेल्या कुत्र्यांमध्ये हृदय निकामी होण्याची वेळ सरासरी सुमारे १५ महिन्यांनी पुढे गेली. वयस्कर लहान कुत्र्याच्या लसीकरणाच्या वेळी हृदयाची तपासणी आवर्जून करून घ्या, असे मी सांगतो ते याच कारणाने. मर्मर ऐकू आला पण हृदय मोठे झालेले नसेल, तर मात्र औषधांची गरज नसते, ठरावीक काळाने पुन्हा तपासणी करणे पुरते.

आता आपला शेवटचा प्रश्न. धाप लागणे ही प्राण्याला सहन कराव्या लागणाऱ्या यातनांपैकी फार मोठी यातना आहे, आणि ती कमी करण्याचा मार्ग दिवसातून दोन वेळा दिलेल्या गोळ्या हा आहे. या गोळ्यांचा त्रास आजाराच्या मानाने नगण्य म्हणावा इतका थोडा असतो. हृदय निकामी झालेल्या कुत्र्यांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, इतर नेहमीच्या औषधांच्या जोडीला पिमोबेंडन मिळालेल्या निम्म्या कुत्र्यांना २६७ दिवसांपेक्षा अधिक काळ, तर त्याऐवजी बेनॅझेप्रिल मिळालेल्यांना १४० दिवसांपेक्षा अधिक काळ मिळाला. हा आजार बरा होत नाही, हे मी लपवणार नाही. पण गुंड्याला आडवे होऊन शांत झोपता येईल असे कितीतरी महिने मिळू शकतात. पुढे कधीतरी मात्रा वाढवूनही श्वास आवरत नाही अशी वेळ येते. तेव्हा त्याला वेदनारहित निरोप देण्याविषयीचे बोलणे डॉक्टरांशी आधीच करून ठेवलेले असावे, मध्यरात्री घाईत करावे लागू नये.

घरी मीठ कमी करावे, म्हणजे पापड, फरसाण, खारी, वेफर्स आणि चीज पूर्ण बंद. मात्र प्रथिने कमी करू नयेत. हृदयाच्या आजारात स्नायू झिजतात आणि नुसत्या दूध-पोळीवर ठेवलेला कुत्रा लवकर खंगतो, म्हणून बिनमिठाची उकडलेली कोंबडी आणि अंडे त्याला द्यावे. गळ्यातला पट्टा काढून छातीभोवती बसणारा हार्नेस वापरावा. तो झोपतो त्या खोलीत धूप, उदबत्ती आणि डासांची कॉइल लावू नये. इकोची सोय सांगलीत न झाल्यास सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा पुणे-कोल्हापूरच्या दवाखान्यांत फोन करून चौकशी करावी, आणि आकड्यांची वही सोबत न्यावी.

प्रश्न : आमचा १२ वर्षांचा लॅब्राडोर अलीकडे घोरल्यासारखा, घरघर आवाज करून श्वास घेतो. त्याचे भुंकणे बसल्यासारखे झाले आहे. मागचे पाय लडखडतात. गेल्या आठवड्यात सकाळी नऊ वाजता फिरवून आणल्यावर तो कोसळला, जीभ जांभळी पडली. पंख्याखाली ठेवल्यावर अर्ध्या तासाने सावरला. हृदयाचा झटका असेल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण आवाजाचे वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे माझे काम सोपे झाले. श्वास आत घेताना मोठा आवाज येणे, भुंकण्याचा सूर बदलणे आणि मागचे पाय अशक्त होणे ही तीन लक्षणे वयस्कर लॅब्राडोरमध्ये एकत्र दिसली की स्वरयंत्राच्या पक्षाघाताचा विचार प्रथम करावा लागतो. फुप्फुसात पाणी असलेला कुत्रा बहुधा उथळ आणि भरभर श्वास घेतो, त्याच्या घशातून असा आवाज येत नाही.

स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंचे पडदे श्वास घेताना बाजूला सरकून वाट मोकळी करतात. त्यांना उघडणारा स्नायू ज्या मज्जातंतूवर चालतो, तो तंतू या आजारात हळूहळू निकामी होतो. मग पडदे बाजूला होत नाहीत आणि जितक्या जोराने श्वास ओढावा तितके ते आत खेचले जाऊन वाट आणखी अरुंद होते. कुत्रा शरीराची उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो आणि ही वाटच बंद झाली की शरीर तापते, तापल्यामुळे तो अधिक जोराने धापा टाकतो, त्याने घशाला सूज येते आणि वाट अधिकच आखडते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हे चक्र काही मिनिटांत प्राण घेऊ शकते. मागच्या पायांचा लडखडा हा निराळा आजार नसावा. मज्जातंतूंचा हाच ऱ्हास शरीरभर सावकाश पसरत असतो, असे आता मानले जाते.

निश्चित निदानासाठी हलकी भूल देऊन, कुत्रा स्वतः श्वास घेत असतानाच स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहावे लागते. भूल जास्त झाली तर निरोगी कुत्र्याचे पडदेही हलत नाहीत, म्हणून ही तपासणी अनुभवी हातांकडूनच करून घ्यावी. त्याआधी छातीचा एक्स-रे काढावा, कारण अशा कुत्र्यांना अन्ननलिका सैल पडण्याचा आणि अन्नकण फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. थायरॉइडची रक्तचाचणीही करावी. ते कमी निघाले तर गोळ्या द्याव्यात, पण त्याने स्वरयंत्र पूर्ववत होईल अशी आशा धरू नये.

त्रास सौम्य असेल तर वजन उतरवणे, हार्नेस वापरणे, पहाटे आणि रात्री उशिराच फिरवणे आणि दुपारी कूलर किंवा एसीच्या खोलीत ठेवणे एवढ्यावर पुष्कळ दिवस निभावते. आपला कुत्रा मात्र एकदा कोसळला आहे, तेव्हा शस्त्रक्रियेविषयी आताच बोलावे असे माझे मत आहे. या शस्त्रक्रियेत एका बाजूचा पडदा टाक्याने बाहेर ओढून कायमचा उघडा ठेवतात, त्यामुळे श्वासाला वाट मिळते आणि बहुतेक कुत्र्यांना तत्काळ आराम पडतो. दोन्ही बाजू उघडत नाहीत, कारण मग अन्नपाणी फुप्फुसात जाण्याचा धोका फार वाढतो. एका बाजूवरही तो धोका आयुष्यभर राहतो, म्हणून पुढे त्याला पोहायला सोडू नये, अन्न घट्ट गोळ्यांच्या रूपात आणि सावकाश द्यावे, आणि खाल्ल्यावर खोकला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवावे. मागच्या पायांना शस्त्रक्रियेने फरक पडत नाही, हेही आधीच लक्षात ठेवावे. नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात ही शस्त्रक्रिया होते का, याची फोनवर चौकशी करून मगच त्याला तेथे न्यावे.

तोपर्यंत पुन्हा कोसळला, तर त्याच जागी सावलीत नळाच्या पाण्याने पोट, काखा आणि पंजे भिजवून जोराचा पंखा लावावा आणि मगच गाडीत घालावे. पाणी त्याच्या तोंडात ओतू नये. अंगावर ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, कारण तो लगेच गरम होतो आणि उष्णता आत अडकते. शरीराचे तापमान १०३ अंश फॅरनहाइटच्या आसपास उतरले की भिजवणे थांबवावे.

प्रश्न : आमच्या शेतावरचा गावठी कुत्रा ९ वर्षांचा आहे. आठ दिवसांपासून खात नाही, चार पावले चालला तरी भरभर श्वास घेतो. खोकला नाही, आवाज नाही. एकाने छातीत पाणी झाल्याचे सांगून लघवीच्या गोळ्या सुचवल्या. द्याव्या का? – एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : गोळ्या देण्याआधी त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबीऐवजी पांढुरक्या दिसत असतील, तर दोष बहुधा फुप्फुसाचा नसून रक्ताचा आहे. रक्तातील लाल पेशी कमी झाल्या की प्राणवायू वाहून नेणारेच उरत नाहीत आणि ती उणीव भरून काढण्यासाठी श्वास वाढतो. शेतावरच्या कुत्र्याला गोचिडांपासून होणारा ताप हे याचे आपल्याकडचे फार मोठे कारण आहे. कान, मान आणि बोटांच्या फटी तपासाव्यात. गोचीड सापडली नाही तरी हा आजार नाही असे समजू नये, कारण ती पडून गेल्यावरही जंतू शरीरात राहतात. नाकातून रक्त येणे, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके उठणे किंवा लघवी गडद तपकिरी होणे यांपैकी काही दिसत असेल तर संशय पक्का होतो.

अशा कुत्र्याला लघवी वाढवणारी गोळी दिल्यास तो आणखी खचेल. त्याच्या रक्ताची संपूर्ण तपासणी आणि काचपट्टीवरची जंतूंची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकते. अर्लिकिया हा गोचिडांमार्फत येणारा जिवाणू निघाला तर डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस द्यावे लागते. दोन-तीन दिवसांत कुत्रा खाऊ लागतो आणि घरचे औषध थांबवतात, तसे करू नये. बबेसिया या गोचिडांमार्फतच येणाऱ्या, लाल पेशींतील परजीवीचे उपचार वेगळे असतात आणि त्याच्या कोणत्या जातीने आजार झाला आहे त्यावर औषध ठरते. रक्त फारच कमी असेल तर रक्त चढवावे लागते. परभणी आणि उदगीरची पशुवैद्यक महाविद्यालये आपल्याला जवळची आहेत. तेथे जाताना आपला दुसरा निरोगी, मोठ्या अंगाचा, तरुण कुत्रा असल्यास तोही सोबत न्यावा, कारण रक्तदाता शोधण्यातच पुष्कळदा वेळ जातो. हिरड्या गुलाबी असतील, तर मात्र छातीचा एक्स-रे आणि सोनोग्राफी करावी लागेल, कारण फुप्फुसाभोवती किंवा हृदयाभोवती पाणी साचल्यावरही असाच आवाज नसलेला, उथळ श्वास चालतो. ते पाणी गोळ्यांनी उतरत नाही, सुईने काढावे लागते आणि ते कशाने साचले हे तपासावे लागते.

प्रश्न : कोविडच्या काळात घेतलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरी पडून आहे. आमच्या कुत्रीला हृदयासाठी औषधे चालू आहेत. अडीअडचणीला वापरता येतील का? – एक वाचिका, ठाणे

उत्तर : कॉन्सन्ट्रेटर वापरता येईल, ऑक्सिमीटरचा मात्र उपयोग नाही. माणसाच्या बोटासाठी केलेले ते उपकरण केसाळ, काळसर कातडीच्या पंजावर चुकीचा आकडा दाखवते किंवा काहीच दाखवत नाही. डॉक्टर कुत्र्याच्या जिभेला किंवा ओठाला चिमटा लावून मोजतात आणि शुद्धीवरच्या कुत्र्याला तेही फारसे रुचत नाही. घरी श्वासाची मोजणी आणि हिरड्यांचा रंग यांवरच भरवसा ठेवावा.

कॉन्सन्ट्रेटरची नळी नाकपुड्यांपासून एक-दोन इंचांवर धरून मिनिटाला साधारण पाच लिटरचा प्रवाह ठेवावा. कुत्री मान वळवत असेल तर मास्क तोंडावर दाबू नये, त्या झटापटीत खर्च होणारा प्राणवायू मिळणाऱ्यापेक्षा जास्त असतो. तिला पेटीत किंवा प्लॅस्टिकच्या तंबूत घालून आत नळी सोडण्याचे प्रकार अलीकडे काही जण करतात, ते टाळावेत, कारण आत उष्णता आणि तिचाच सोडलेला श्वास कोंडतो. यंत्राजवळ उदबत्ती, निरांजन किंवा गॅसची शेगडी नसावी. आणि ऑक्सिजनने फुप्फुसातले पाणी उतरत नाही. ते काम फुरोसेमाइडचे आहे, म्हणून अशा वेळी द्यायच्या जादा मात्रेविषयी डॉक्टरांकडून आधीच लेखी सूचना घेऊन ठेवावी. कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, गाडीत तो चालेलच असे नाही. त्यामुळे त्यावर तिला थोडे स्थिर करेपर्यंत घरातल्या दुसऱ्या कोणीतरी रात्री उघड्या असलेल्या दवाखान्यात फोन लावावा, तेथे ऑक्सिजनची सोय आहे याची खात्री करावी, आणि निघताना तिला हातांवर उताणे न धरता, तिने ज्या पद्धतीने बसणे पत्करले असेल त्याच स्थितीत गाडीत ठेवावे.